भिंत नसलेलं स्वयंपाकघर

नव्वदीच्या दशकात आम्ही रोह्याला घर बांधलं. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे बांधकामावर मीच उभी असायचे. पाया झाला तेव्हा मी गवंड्याला सांगितलं, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये भिंत घालायची नाही. त्याला वाटलं, मी विटा वाचवतेय.

माझं माहेर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्यातलं. तिथे एकाच शेडमध्ये वडील मूर्ती घडवत आणि आई चुलीपुढे बसून त्यांच्याशी बोलत असे. लग्नानंतर मात्र मी वर्षानुवर्षं कोंदट खोलीत, भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापल्या होत्या.

मनात होतं ते कागदावर मला काढता येईना. मग माहेरून शाडू आणला आणि अख्खं स्वयंपाकघरच मातीत करून दाखवलं. हॉलकडे तोंड केलेला लांब ओटा, खाली कपाटं, नदीच्या बाजूला मोठी खिडकी. गवंड्याने ते चारी बाजूंनी पाहिलं आणि कामाला लागला. कपाटांची दारं सुताराने केली. ती घासली मी आणि त्यांवर वेलीही मीच रंगवल्या. लहानपणापासून मूर्तींचे डोळे रेखले होते, वेलींचं काय एवढं!

सासूबाईंना काही हे पसंत नव्हतं. "पावन्यांच्या समोर फोडणी घालायची? बरं दिसत नाय गो," असं त्या नव्या घरात राहायला येईपर्यंत म्हणत राहिल्या.

वास्तुशांत झाली आणि थोड्याच दिवसांत खांब गावाहून चुलत सासरे आले. मोठे दीरही होते. हॉलमध्ये पुरुषांची बैठक बसली. दिरांची मुलगी नुकतीच बारावी झाली होती. स्थळ चांगलं आहे, उरकून टाकू, असं चाललं होतं. जुन्या घरात असलं काही आम्हाला ठरल्यावर, चहा नेतानाच कळायचं. या वेळी सासूबाई ओट्यापाशी तांदळाची उकड मळत होत्या. सगळं कानावर पडत होतं.

मळता मळताच त्या म्हणाल्या, "पोरगी कॉलेजात जाईल. इथंच राहील, माझ्यापाशी. लग्नाचं मग बघू."

दिरांनी आईकडे पाहिलं आणि मान हलवली. चुलत सासरे पुटपुटले, वहिनी म्हणतात तर राहू दे. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं होतं.

जूनमध्ये पुतणी ट्रंक घेऊन आली आणि पदवी घेऊनच गेली. सासूबाई तर त्या दिवसापासून पाहुणे आले की मला म्हणायच्या, तू बस जा हॉलमध्ये. ओट्यापाशी त्या स्वतः उभ्या राहायच्या.