उन्मेषसरांचं नेट गेलं ती सकाळ

मला दिसेनासं होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काचबिंदूने आधी नजरेच्या कडा खाल्ल्या, मग मधलंही गेलं. खेडजवळच्या एका वाडीतल्या शाळेत मी शिकवत होते. रजा टाकून घरी बसले, ती बसलेच. विहारात वंदनेला जाणंही सोडलं, कारण वाटेत बायका हात धरायला धावायच्या आणि मला ते सोसायचं नाही.

माझा भाऊ प्रमोद मागे लागला होता. "करुणा, रत्नागिरीला उन्मेष शेवडे म्हणून एक सर आहेत. त्यांनाही दिसत नाही. तुझ्यासारख्यांना घरबसल्या कॉम्प्युटर शिकवतात. नाव घालू तुझं?" मी रोज "बघू" म्हणायचे. शेवटी त्याने न विचारताच नाव घातलं आणि लॅपटॉप तयार करून माझ्या पुढ्यात ठेवला.

वर्ग रविवारी सकाळी असायचा. पहिल्या दिवशी मी हेडफोन लावून बसले, पण पलीकडून आवाजच येईना. सुटले बाई, असं मनात आलं, तोच मोबाइल वाजला.

"करुणाताई ना? मी उन्मेष शेवडे. वर्गाला उशीर होणार आहे हो. माझ्या कॉम्प्युटरचं नेट गेलंय."

"मग राहू दे सर. पुढच्या रविवारी बघू."

"राहू दे कशाला? दुरुस्त करतो ना. बाकीच्यांना उशिरा या म्हणून कळवलंय. तुम्ही नवीन आहात, तर फोन चालू ठेवा आणि ऐका. आजचा पहिला धडा हाच समजा."

"पण दुरुस्तीला कुणाला तरी बोलवावं लागेल ना?"

"बोलवलाय की. मीच आलोय," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

सरांची हकिकत मला प्रमोदने थोडी सांगितली होती, बाकीची पुढे कळली. रत्नागिरीतल्या नाचण्याला ते आईबरोबर राहतात. एका कचेरीत नोकरी करायचे. तिशीच्या आत आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग दिवसाचंही. नोकरी सुटली. घरातला कॉम्प्युटर दोन पावसाळे चादरीखाली होता. मग कुणीतरी त्यांना लिनक्सबद्दल सांगितलं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी, उघडून बदलताही येणारी, कॉम्प्युटर चालवायची प्रणाली. तिच्यात पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज आधीच बसवलेला होता. सर म्हणतात, तो आवाज पहिल्यांदा बोलला तेव्हा ते बराच वेळ नुसते एकच बटण दाबून तेच तेच ऐकत बसले होते.

फोनमधून मला तो आवाज ऐकू आला. मळणीचं यंत्र सुटावं तसा. एक शब्द कळेल तर शपथ.

"हे तुम्हाला समजतं सर?"

"सवयीने. थांबा, तुमच्यासाठी हळू करतो." आवाज माणसात आला. इंग्रजी होतं, पण आता शब्द सुटे पडत होते. "आता यंत्राला विचारलं, तुझ्यात काय काय बसवलंय? त्यात नेटवर्क कार्डाचं नाव घेतलं त्याने. वायफाय पकडणारं असतं ना, ते. म्हणजे कार्ड मेलेलं नाही. बरं. आता विचारतो, ह्या कार्डाचा ड्रायव्हर कोण?"

खटखट झाली. आवाज काहीतरी बोलून गप्प झाला.

"ड्रायव्हर नाही. गाडी दारात उभी आहे, चालवणारा गायब." काल मी सगळं अपडेट केलं. त्यात कर्नेल बदलला. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर त्या गाभ्यात येत नाही, तो वेगळा आणून बांधून घ्यावा लागतो. मी बांधलेला होता तो जुन्या कर्नेलसाठी. नवा त्याला ओळखत नाही."

"मग पुन्हा बांधायचा?"

"शाबास. पण त्याचं सामान नेटवरून आणायला हवं आणि नेटच तर नाही. मोबाइलचं नेट केबलने देऊन बघितलं, पण घरातली केबल नुसती चार्जिंगची निघाली. तेव्हा जुना कर्नेल अजून आत आहे, तो चालू करू. चालू होताना एक यादी येते, तिच्यातून निवडायचं." आता पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा उतरला. "तेवढ्या वेळात हा माझा बोलणारा मुका असतो. ती यादी मला ऐकू येत नाही."

मला वाटलं, संपलं. शेवटी डोळ्यांपाशीच येऊन अडलं ना.

सरांनी हाक मारली, "आई, जरा ये गो! चष्मा घेऊन ये."

लीलाकाकू आल्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. "आमटी आहे रे चुलीवर. काय वाचायचंय?"

"काळ्या पडद्यावर अक्षरं येतील. उजळ पट्टा कुठल्या ओळीवर आहे तेवढं सांग."

"आली. पट्टा पहिल्या ओळीवर. दुसरी ओळ... ॲडव्हान्स्ड काहीतरी."

"तीच हवी." एक खट्, मग दुसरं. "आता?"

"आता लांबच लांब ओळी आल्या. सगळ्या सारख्याच दिसतात, नुसते आकडे वेगळे. आणि एक सोडून एकीपुढे कंसात काहीबाही लिहिलंय."

"कंसवाल्या नकोत. बिनकंसाच्या दोन असतील. त्यातला आकडा लहान कुठला?"

"खालचा. सावकाश दाब रे, पट्टा पळतो. अजून एक खाली. थांब! हाच."

खट्. मग नुसता पंख्याचा आवाज. मी इकडे फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. आणि मग ते मळणीचं यंत्र पुन्हा सुरू झालं.

"नेट आलं!" सर ओरडले.

"मग मी आमटी बघते," काकू म्हणाल्या.

पुढचं सोपं असेल असं मला वाटलं होतं. सरांनी नव्या कर्नेलचं सामान उतरवून घेतलं, ड्रायव्हर बांधायला लावला, तर आवाज एरर, एरर असं बडबडत सुटला.

"घाबरू नका," ते मला म्हणाले. मी घाबरलेली त्यांना कशी कळली कोण जाणे. "एररच्या ढिगात पहिली शोधायची. बाकीच्या तिचीच पोरं असतात." त्यांनी मागे जाऊन ती पहिली ओळ सावकाश ऐकली. नव्या कर्नेलमध्ये एका कामाचं नाव बदललं होतं आणि ड्रायव्हर जुन्याच नावाने हाका मारत होता. त्यांनी ड्रायव्हर जिथून आणला होता ते पान उघडलं. कुणीतरी आधीच ते नाव दुरुस्त करून ठेवलेलं. सरांनी नवी प्रत उतरवली, बांधली. या वेळी एकही एरर नाही. कर्नेल पुन्हा बदलला तर ड्रायव्हर आपोआप बांधला जावा, अशीही व्यवस्था लावली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नवाच कर्नेल, आणि नेट होतं.

मला वाटलं, आता वर्ग सुरू. पण ते म्हणाले, "एक मिनिट. चार ओळी लिहायच्यात." ज्याने ती दुरुस्ती केली होती त्याला ते आभाराचं पत्र लिहीत होते. लिहिता लिहिता विचारलं, "तुमचंही नाव घालू का, करुणाताई?"

"माझं? मी काय केलं?"

"तुम्ही थांबलात. मला सोबत झाली."

इतके महिने मी कुणाच्या तरी सोबतीने चालत होते. माझी सोबत कुणाला झाली, असं कुणी म्हणालंच नव्हतं. मी कसंबसं "घाला" म्हटलं.

वर्ग भरला. जयगडचा दर्शन होता, गुहागरच्या मैनाताई होत्या. त्या दिवशी मी फक्त माझं नाव टाइप करायला शिकले, आणि ते त्या आवाजाकडून ऐकलं.

काही दिवसांनी सरांनी आलेलं उत्तर वाचून दाखवलं. दुरुस्ती करणारा तो पोर्तुगालमधला कॉलेजचा मुलगा होता. हे जुनं कार्ड आता आपल्याशिवाय कोणी वापरत नसेल, असं त्याला वाटायचं. उन्मेष आणि करुणा, तुम्ही आहात हे कळून बरं वाटलं, असं त्याने लिहिलं होतं. माझं नाव मी न पाहिलेल्या देशातून परत आलं होतं.

पुढच्या जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. वर्गात मुलं फळ्यावर लिहितात, मी लॅपटॉपवर धडे ऐकून शिकवते. पहिल्या आठवड्यात मुलांनी फार गोंधळ घातला. आता पाठांतरात मला फसवायला बघतात आणि हरतात.

दिवाळीच्या सुट्टीत प्रमोदला घेऊन मी नाचण्याला गेले. सरांसाठी काय न्यावं सुचेना, म्हणून नाचणीचे लाडू केले होते. वाटेत जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच जमलं नाही. "सर, तुमच्यामुळे..." एवढंच म्हणाले आणि लाडवांचा डबा पुढे केला.

"अहो, माझ्याही आधी किती जण आहेत त्या 'मुळे'त," सर म्हणाले. "सगळ्यांना कुठे शोधत बसणार? लाडू खाऊ."

लीलाकाकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. प्रमोदला रत्नागिरीत काम होतं, म्हणून परत मी एकटीच निघाले; काकू स्टँडपर्यंत आल्या, मला खिडकीजवळ बसवलं आणि कंडक्टरला म्हणाल्या, "बाई शिक्षिका आहेत हो. खेडला उतरायचंय त्यांना." मी अंध आहे हे त्या बोलल्याच नाहीत.