दुसऱ्याच्या हातातला माउस

त्या खोलीत शिरलं की आधी वास यायचा. ओल धरलेल्या सतरंजीचा, बंद खिडक्यांचा आणि टेबलांखाली पडून राहिलेल्या वड्यांच्या तेलकट कागदांचा. विद्यापीठाच्या विस्तार विभागाचं पनवेलचं केंद्र म्हणजे एका महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीतली ही एक खोली. खिडक्या उघडायच्या नाहीत, धुळीने संगणक बिघडतात, असं वरून सांगितलेलं होतं. हेडफोनच्या स्पंजाला कुणाकुणाच्या डोक्याचं तेल लागलेलं असायचं. आणि माउस चिकट. तो पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि ती खोली माझ्याच ताब्यात होती.

माझं काम शिकवण्याचं होतं. शिकायला यायची ती गावोगावच्या केंद्रांवर काम करणारी आमची माणसं, म्हणजे घरोघर फिरून बायकांना वर्गात आणणारी, सभा घेणारी, कुणाच्या अंगणात सतरंजी टाकायची ते ठाऊक असलेली मंडळी. ब्रॉडबँड आलं तसं विद्यापीठाने ठरवलं की आता व्याख्यानं पडद्यावरून गावात पोचवायची. त्यासाठी या मंडळींनी आधी स्वतः एक प्रशिक्षण घ्यायचं. तेही पडद्यावरूनच. रेकॉर्ड केलेला एक गृहस्थ घसा साफ करून बोलायचा, ‘चला, आता पुढच्या घटकाकडे वळू या’, आणि प्रत्येक घटकानंतर प्रश्न यायचे. उत्तरावर टिचकी मारायची, पास झालं की प्रमाणपत्र.

आमच्याकडे एक पद्धत पडली होती. कुणी चाचपडायला लागलं की मी मागून वाकायचो आणि म्हणायचो, द्या इकडे, मी करतो. त्यांचा हात माउसवरून निघेपर्यंतही मला धीर नसायचा. आधी मदत म्हणून, मग वेळ वाचतो म्हणून, आणि शेवटी सगळ्यांचीच चाचणी मीच देऊ लागलो. मंडळी मागे खुर्च्यांवर बसून चहा प्यायची, एकमेकांची टिंगल करायची. पेणचे एक गृहस्थ म्हणायचे, सर, माझे जरा कमी मार्क काढा, घरी कुणाला खरं वाटणार नाही. सगळे हसायचे. मीही हसायचो. ते हसू आठवलं की आजही तोंडाला कडू चव येते.

उरणच्या ताई तेवढ्या हसायच्या नाहीत. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या. त्यांच्या केंद्रावर दर बुधवारी दुपारी एक डॉक्टरबाई पडद्यावरून बायकांशी बोलायच्या. ताईंचं प्रशिक्षण व्हायचं होतं, तोवर संगणक जोडायला पनवेलहून मी जायचो. पहिल्या बुधवारी समाजमंदिरात दाटीवाटीने बायका बसलेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी बोलणं संपवून विचारलं, काही शंका असतील तर मोकळेपणी विचारा. कुणी तोंड उघडलं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि मग माझ्याकडे. मी संगणकाशेजारी ठाण मांडून बसलो होतो. मला वाटलं, लाजतायत, अशिक्षित आहेत. चार बुधवार असेच गेले, आणि अहवालात मी लिहिलं की प्रतिसाद कमी आहे.

मग एकदा ताई पनवेलला लवकर आल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि माउसवर हात ठेवला.

“सर, मला हे येवाला पायजे,” त्या म्हणाल्या. “तुमी तिथं असल्यावर बाया बोलत नाय. अंगावरून जातंय ते तुमच्यासमोर कशा सांगतील? एक बाई तर कवापासून आजारी हाय. ती फक्त डॉक्टरीणबाईला सांगनार.”

मी कानकोंडा झालो. खरंच लाज वाटली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हटलं, बसा, आत्ता शिकवतो. ताईंनी पडद्यावरचा बाण हलवला. तो कोपऱ्यात जाऊन अडकला. त्यांनी माउस उचलला, पुन्हा ठेवला. मला ते बघवेना. माझा हात कधी पुढे गेला ते मला कळलंही नाही. असं करायचं, बघा, असं, असं म्हणत मी सगळं भराभर करून दाखवलं. सोपं आहे, मी म्हटलं. ताई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. तेवढ्यात बाकीची मंडळी आली, आणि त्या दिवसाची चाचणी सुरू झाली.

सगळ्यांच्या चाचण्या उरकून ताईंची मी शेवटी दिली. तोवर सगळी उत्तरं मला पाठ झाली होती. साहजिकच सगळ्या केंद्रांमध्ये ताई पहिल्या आल्या.

मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. खेड्यातल्या एका बाईने हे करून दाखवलं याचा त्यांना फार आनंद झाला होता. पुढच्या आठवड्यात ताईंनी कॅमेऱ्यासमोर बसून सगळ्या केंद्रांना प्रात्यक्षिक द्यायचं ठरलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, हो साहेब, देतील की.

प्रात्यक्षिकाला ताई नवी साडी नेसून आल्या होत्या. काय ठरलंय ते मी त्यांना दारातच सांगितलं: कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर, मी बाजूला बसतो, माउस माझ्याकडे. त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी डावीकडे खुर्ची सरकवून, अंग चोरून बसलो; माउस मात्र वायरीमुळे त्यांच्या उजवीकडेच राहिला. पडद्यावर एकेक गोष्ट उघडत गेली. व्याख्यान जोडलं गेलं, आवाज आला, प्रश्न विचारायची खिडकी उघडली. साहेब वाहवा करत होते. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, आमचं चित्र दिसणाऱ्या चौकटीत, ताईंच्या नव्या साडीसमोरून एक केसाळ मनगट आडवं आलेलं मला दिसलं. घड्याळाचा पट्टा घामाने काळा पडलेला. ते माझं होतं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढलेलं काहीतरी बघावं तशी मला त्याची शिसारी आली. सगळ्या केंद्रांना ते दिसत असणार. तरी शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उठताना ताई हळू आवाजात म्हणाल्या, “आता बायांना काय सांगू? पयली आली म्हनून?”

मी म्हटलं, ताई, येत्या आठवड्यात नक्की शिकवतो. पण उरण आता तयार केंद्रांमध्ये गणलं गेलं होतं, आणि तयार केंद्रांवर माणूस पाठवायचा नाही असं वरून आलं. मला खालापूरकडची केंद्रं दिली. मी नसलेल्या पहिल्याच बुधवारी ताईंचा फोन आला, सर, चालू कुठनं करायचं? फोनवरून मला ते सांगता येईना. मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं, नुसतं करत आलो होतो. असं करायचं, सोपं आहे, हीच वाक्यं मी म्हणत राहिलो, तिकडून बायकांची कुजबुज येत राहिली. मग ताई म्हणाल्या, राहू द्या. पुढच्या बुधवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खोलीत बसून मी फोनकडे बघायचो आणि त्या आजारी बाईचा विचार मनातून काढून टाकायचो. ते मला चांगलं जमायचं.

महिन्याभराने काही कामासाठी पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत गेलो होतो. तिथे एका दुकानाच्या गाळ्यात संगणकाचे क्लास चालायचे. काच होती, म्हणून आतलं दिसलं. कॉलेजच्या मुलींच्या रांगेत ताई बसल्या होत्या. उरणहून एसटीने येत असणार. बाण कोपऱ्यात जात होता, त्या माउस उचलत होत्या, पुन्हा ठेवत होत्या. कुणी मध्ये पडत नव्हतं. शिकवणारी मुलगी पलीकडे उभी राहून नुसतं तोंडाने सांगत होती.

मी आत गेलो. का, ते मला सांगता येत नाही. माफी मागायची होती असं मला वाटतं. त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो आणि सवयीने जरा वाकलो.

ताईंनी मान वळवून पाहिलं. त्यांचा उजवा हात माउसवर होता. त्यावर त्यांनी डावा हात ठेवला, घट्ट, आणि मी बाहेर जाईपर्यंत तो तसाच ठेवला.