लिव्हरचा रिपोर्ट एचआरच्या टेबलावर

“मॅडम, अनफिट लिहा. बाकी मी बघतो,” म्हणत एचआर मॅनेजरांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात मी कंपनी डॉक्टर होते. विषय मंजुनाथराव जाधवांचा. क्रेन ऑपरेटर, पन्नाशीचे. हेल्थ चेकअपमध्ये लॅबने एक नवी टेस्ट घुसवली होती, आयजीएफ-वन. हा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे शरीराच्या वाढीला लागणारं एक प्रथिन. ते मुख्यतः लिव्हर तयार करून रक्तात सोडतं. लिव्हर दमलं की पातळी उतरते. ज्यांची पातळी कमी, त्यांना पुढे लिव्हर कॅन्सरचा धोका जास्त, असं अभ्यासांत दिसतं. मंजुनाथरावांची बरीच कमी होती. आणि लॅबने रिपोर्ट त्यांना न देता थेट एचआरला दिला होता.

“धोका म्हणजे आजार नव्हे,” मी म्हणाले. “खाणंपिणं नीट नसलं तरी ही पातळी उतरते.”

“क्रेनवर असताना काही झालं तर?”

“या रिपोर्टमुळे कोणी क्रेनवरून पडत नाही, सर. डोळे, बीपी, तोल मी स्वतः तपासलंय. उत्तम आहे.”

“मॅनेजमेंटला रिस्क नकोय. तुमचंही कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आलंय, बरं का.”

माझं डोकंच सणकलं. त्यांचंच पेन उचललं, ‘फिट’ लिहिलं, सही ठोकली. रिपोर्ट पर्समध्ये टाकला.

“अहो, तो कंपनीचा आहे!”

“लिव्हर कंपनीचं नाही.”

खाली ओपीडीत मंजुनाथराव बसले होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण म्हैसूरची. “डॉक्टरम्मा, मी बरा आहे की! सुम्मने काढतात काय?”

सुम्मने म्हणजे कानडीत उगाच.

“कोणी काढत नाही. पण बरे आहात की नाही, ते मला अजून माहीत नाही. लिव्हरची सोनोग्राफी करू,” म्हणत मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला.

“दारूला शिवत नाही मी.”

“लिव्हर बिघडायला दारूच लागते असं नाही.”

“करा,” ते म्हणाले.

तपासण्यांत हेपटायटिस बी निघाला. हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गुपचूप राहतो. लिव्हर थोडं कडक झालं होतं, पण गाठ नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठरली. बायको-मुलांना तपासून लस दिली. एचआरने निदान विचारलं, मी सांगितलं नाही. फिट सर्टिफिकेट फाइलला लागलेलं, त्यामुळे त्यांना मंजुनाथरावांना हात लावता येईना.

माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. आता म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात माझा दवाखाना आहे. मंजुनाथराव ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच तपासायला येतात. अजून क्रेनवरच आहेत.

धडा एवढाच, की रक्त देण्याआधी रिपोर्ट कोणाच्या हातात जाणार ते विचारून घ्यावं.