तंबाखू खाणारा कम्प्युटर

हिंगणघाटातला पहिला कम्प्युटर तंबाखू खायचा. कोणी काही म्हणो, जिनिंगच्या या गावात ते यंत्र सगळ्यांत आधी आमच्या गणिताच्या सरांच्या रूपाने अवतरलं, यावर मी कोणाशीही पैज लावीन. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजने कम्प्युटरचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला, आम्हा पोरांना भरती केलं आणि मग कळलं की यंत्र अजून मंजूरच व्हायचं आहे. म्हणजे बारशाचं आमंत्रण आधी आणि बाळ नंतर. सरांनी तोड काढली. यंत्र येईपर्यंत मीच यंत्र, तुम्ही सूचना द्यायच्या आणि मी पाळायच्या.

पाळायच्या म्हणजे तंतोतंत. 'फळा पुसा' म्हटलं की कोटाच्या बाहीने पुसत, कारण डस्टरचं कोणी बोललेलं नसे. 'पाणी प्या' म्हटलं, तर वरचं फुलपात्र न काढताच तांब्या तोंडाला लावत. पुढे पुढे हे घरीही शिरलं. एकदा सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, वांगी आणायला सांगितली. सरांनी विचारलं, नसली तर? मेथी. मेथीही नसली तर? काकू वैतागल्या आणि म्हणाल्या, "तं तिथंच बसून राहजा." संध्याकाळी सर आम्हाला भाजीवालीच्या शेजारी पोत्यावर मजेत बसलेले दिसले. काकूंकडून पुढची सूचना आम्हीच नेली, तेव्हा उठले.

मग विद्यापीठाची समिती यायची ठरली. त्यांची खात्री पटली तर यंत्र मिळणार, नाहीतर अभ्यासक्रम बंद. आमची तर पाचावर धारण बसली होती. सर शांत. त्यांनी समितीच्या सफारीतल्या अध्यक्षांनाच सूचना द्यायला सांगितलं. अध्यक्ष गमतीने म्हणाले, चाला. सर चालू लागले. वर्गाबाहेर, मैदानातून, फाटकातून, थेट कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगेकडे. प्राचार्यांचा चेहरा उतरला. शेवटी अध्यक्ष स्वतः धावले आणि बंड्यांजवळ त्यांना गाठून धापा टाकत 'थांबा' म्हणाले.

सर जागीच थांबले आणि मागे न वळताच म्हणाले, "साहेब, यंत्र चुकलं नाई. तुमचं 'थांबा' म्हनायचं राह्यलं."

अध्यक्ष रस्त्याकडेच्या पुलियाच्या कठड्यावर बसून पोट धरून हसले. अभ्यासक्रम वाचला. यथावकाश खरं यंत्रही आलं, आणि सर त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसे पाहत. वीज गेली की मात्र त्यांची कळी खुले. "पोट्टेहो, द्या सूचना. मी चालूच आहो," म्हणत.

त्याच शिक्षणावर मला पुण्याला नोकरी लागली. सर स्टेशनवर पोचवायला आले. सांगायचं बरंच होतं, पण आम्ही दोघे गाडी किती उशिरा आली यावरच बोलत बसलो. गाडी हलली तसे सर माझ्या खिडकीबरोबर चालू लागले. फलाट संपत आला तरी चालतच होते. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी ओरडलो, "सर, थांबा."

सर लगेच थांबले. मी खिडकीतून हात हलवत राहिलो; सर मात्र दोन्ही हात खाली सोडून, माझ्याकडे बघत ताठ उभे होते. हात हलवा म्हणून सांगेपर्यंत गाडी फार पुढे आली होती.