मुलाण्याची सुरी

आमच्या डाळज गावात दस्तगीर मुलाणी जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो. ऐन उन्हाळ्यात कुणाची पाण्याची मोटार जळाली की हातातला घास टाकून उठतो. जन्मात सोलापूरच्या पुढं गेला न्हाय. मटणापरीस त्याला पिठलं ग्वाड. पण मरीआईच्या जत्रंत बोकडावर सुरी त्याचीच, आदुगर त्याच्या बापाची, आज्याची. मुलाण्याचा हात लागल्याबिगर आमा हिंदूंच्या घरात कुणी त्या मटणाला शिवत न्हाय, अशी रीतच हाय.

यंदा गावातल्याच गोकुळच्या मोबाईलवर कुठल्या अरबाच्या मुलखातला व्हिडिओ आला. तलवारी, रगत. पारावर त्यानं सगळ्यांना दाखवला. "बघा, ह्यांची जातच कापणारी!" आता गं बया! खाणारी तोंडं आमची, अन् कापणारी जात त्याची? पण बोलतंय कोण? मी ठमाबाई एवढी तोंडाळ, मीबी गप. सरपंच अप्पानं सांगितलं, "दस्तूभाई, सुरी माझ्याकडं ठेव." त्यानं फडक्यात गुंडाळून आणून दिली.

मग इपरितच सुरू झालं. भर दुपारी तो गल्लीतनं निघाला की बाया पोरं आत वढायच्या, कड्या लागायच्या. सगळी गल्ली चिडीचूप, त्याची पावलं तेवढी वाजायची. मीबी कडी लावून दाराच्या फटीतनं बघायची. ह्याच दस्तूनं माझ्या लेकीला, छकुलीला, हिरीतनं वर काढलं हुतं. सांगायची लाज वाटती.

जत्रंला अकरा बोकडं बांधली. सुरी गोकुळनं घेतली. "त्यात काय एवढं?" म्हणला. पण घाव चुकला, सुरी अर्धीच बसली. बोकड दावं तोडून देवळाभोवती फिरू लागलं, माणसावाणी वरडत. हलगी थांबली. शंभर माणसं उभी, पण एकाचा पाय उचलंना.

दस्तगीर गर्दीतनं म्होरं आला. बोकड आपणहून त्याच्यापाशी गेलं अन् गुडघं टेकून बसलं. त्यानं त्याच्या डोळ्यांवर तळवा ठेवला, कायतरी पुटपुटला, अन् गोकुळच्या हातची सुरी घेऊन एका दमात कापून त्याला हालातनं सोडवलं.

अप्पा पुढं झाला. "दस्तूभाई, ऱ्हायलेली दहाबी उरक बाबा. गाव उपाशी ऱ्हाईल."

दस्तगीरनं हात धुतलं. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, माझ्याबी.

"तुमाला माझं भ्या वाटत हुतं, अप्पा. ते अर्धं कापल्यालं जित्राब फिरत हुतं, अन् तुमी सगळी नुसती बघत हुता. आता मला तुमचं भ्या वाटतंय."

तो घराकडं निघाला. जाताना दोनदा मागं वळून बघितलं त्यानं, पाठीमागनं कुणी येतंय का म्हणून.