हातभर लांबीचा मचवा

चंद्रप्रकाश मेस्त विमा कंपनीतून रिटायर झाला तेव्हा त्याला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता. मुलुंडच्या घरात तसबीर टांगायची झाली तरी वॉचमनला वर बोलवावं लागे. होड्या बांधणाऱ्यांच्या घरात जन्मलेला माणूस, आणि ही तऱ्हा! त्यामुळे गेल्या गणपतीनंतर त्याने जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरले आणि "मी लाकडाचा मचवा करणार आहे," असं जाहीर केलं, तेव्हा बायको रुक्मिणी खळखळून हसली. मग त्याचा चेहरा बघून तिनेच पेपरांच्या घड्या सरळ केल्या.

मचवा म्हणजे त्यांच्या देवगडकडच्या खाडीतली शिडाची होडी. थोरल्या भावाने, दादूने, बांधलेल्या शेवटच्या मचव्याचा एक फोटो घरात होता. त्यावरून चंद्रप्रकाशला हातभर लांबीची प्रतिकृती करायची होती.

वडील लवकर गेले. दादूने पंधराव्या वर्षी करवत हातात घेतली आणि खाडीकाठी होड्या बांधून धाकट्याला मुंबईत कॉलेज शिकवलं. आणि या शिकलेल्या धाकट्याने काय केलं? स्वतःच्या लग्नात सासरकडच्या एका बड्या पाहुण्याने विचारलं, "मोठे बंधू काय करतात?" तर हा म्हणाला, "गावाला आंब्याच्या बागा आहेत आमच्या. त्या बघतात." दादू शेजारीच उभा होता. बागा कसल्या, परसात एक रायवळ आंब्याचं झाड होतं. दादूने डांबराचे डाग पडलेले हात पाठीमागे घेतले आणि पाहुण्याला हसून सांगितलं, "होय तर. यंदा आंबो बरो आसा."

या गोष्टीला तेहेतीस वर्षं झाली. दोघांपैकी कोणीही तिचं पुन्हा नाव काढलं नाही. फक्त दादू मुंबईत आला तरी धाकट्याकडे कधी राहिला नाही.

आता तो भांडुपला मुलीकडे, अक्षताकडे, होता. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. डॉक्टरांनी फार तर वर्षभराची आशा दाखवली होती. तो डोळा शाबूत आहे तोवर मचवा दादूसमोर ठेवायचा आणि म्हणायचं, "दादा, ही तुझी होडी. मी चुकलो." चंद्रप्रकाशला एवढंच हवं होतं. नुसतं चुकलो म्हणायला भांडुपपर्यंतची वीस मिनिटांची रिक्षा पुरली असती. पण काही माणसांना माफी मागायलाही सामान लागतं.

सामान आलं. पातळ पट्ट्या, छोटी करवत, पॉलिश पेपर. यूट्यूबवरचा एक दाढीवाला गोरा त्याचा गुरू झाला. पहिल्याच आठवड्यात झटपट चिकटणाऱ्या गोंदाने त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटली. शिमग्यापर्यंत खपून उभा केलेला पहिला सांगाडा मधोमध मोडला.

"अहो, दादांना विचारा की," रुक्मिणी म्हणाली. "भांडुपला तर आहेत."

"मग सरप्राइज काय राहिलं?"

हे अर्धंच खरं होतं. ज्या कामाची आपल्याला लाज वाटली तेच शिकव, असं भावाला कुठल्या तोंडाने सांगणार?

अक्षता फोन करायची. "काका, कधी येताय? बाबा विचारत असतात."

"येतो गं. थोडं काम राहिलंय, ते झालं की आलोच." दर वेळी हेच उत्तर.

दुसरा सांगाडा मात्र नीट जमला. मग दोन्ही अंगांना फळ्या लावायचं काम आलं. ऑफिसात छत्तीस वर्षं एक फाइल संपवल्याशिवाय याने दुसरी उघडली नव्हती. गोऱ्या गुरूचा व्हिडिओ अर्ध्यावर बंद करून त्याने आपल्या शिस्तीत आधी उजवी बाजू पुरी केली, मग डावी घेतली. डोलकाठी उभी केल्यावर ती जराशी कलल्यासारखी वाटली. टेबलच तिरकं असेल म्हणून त्याने टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली आणि स्वतःवरच खूश झाला.

जूनमध्ये तो खोका मांडीवर घेऊन रिक्षाने भांडुपला गेला. अक्षताने दार उघडलं. खोक्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"काका, मागच्या महिन्यात बाबांचा दुसराही डोळा गेला. तुम्हाला कळवू नको म्हणाले. कामात आहे तो, म्हणाले."

दादू खिडकीशी बसला होता. चंद्रप्रकाशने मचवा त्याच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याची बोटं टोकावरून सुरू झाली, फळ्यांवरून फिरली आणि खाली कण्यापाशी, तळाच्या किंचित वाकलेल्या लाकडापाशी, येऊन थांबली.

"मचवो?"

"हो दादा. तुझाच. मी केलाय."

"तू?" दादू हसला. तोंडभर हसला. मग बोटं पुन्हा एकदा कण्यावरून फिरली. "आधी एक बाजू पुरी केलंस, मगे दुसरी. होय मा?"

"हो."

"रे येड्या, हयसर एक फळी मारूची, मगे थयसर एक. नायतर एकच बाजू कण्याक वढून घेता."

चंद्रप्रकाश खाली जमिनीवरच बसला. "दादा, माझ्या लग्नात मी जे बोललो..."

"ता सोड."

"मी उद्यापासून रोज येतो. नवीन लाकूड आणतो. तू सांग, मी करतो."

दादूने मान हलवली. "फळी किती वाकली, ता डोळ्यान बघूचा लागता," तो म्हणाला. "मी दिवसभर हयच बसान होतंय रे. माका दिसा होता तेव्हा इलो आसतस, तर दोघांनी मिळान केलो आसतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चंद्रप्रकाशला बरं वाटलं असतं, पाय तरी धरता आले असते. ज्याच्यासाठी तो नऊ महिने खपला, त्याच्यापासून वीस मिनिटांवर एकटा बसून त्याने ते नऊ महिने घालवले होते. भावाला दिसत होतं ते शेवटचे महिनेही त्यातच गेले होते.