उत्तराची बाजू

गुडगावला तेव्हा गुरुग्राम म्हणत नसत. मोहरीच्या शेतांना लागून नव्या बंगलेवजा कोठ्या उठत होत्या, पुण्या-मुंबईची मंडळी नोकरीसाठी येत होती आणि मी बाजारातल्या एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. प्रमिलाताई नवाथे तिथे प्रथम आल्या त्या कॉलनीची एक सूचना छापून घ्यायला. माझ्या भिंतीवर एकही प्रमाणपत्र नव्हते.

"कुठे शिकलात?" त्यांनी विचारले.

"बंद पडलेली मशिनं उघडून," मी जरा ताठ्यातच सांगितले.

"अच्छा! म्हणजे बिघडतं कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे. मग तुम्हीच पाहिजेत."

त्या दिवसापासून मी त्यांच्या कामात आहे, आणि याचा मला अभिमान आहे.

ताईंची पद्धत साधी होती. दुधाच्या बूथशेजारी त्यांनी एक फळा लावला. डावीकडे रहिवाशाने तक्रार लिहायची, उजवीकडे बिल्डरच्या कार्यालयाने उत्तर. तक्रार पुसण्याचा अधिकार फक्त ती लिहिणाऱ्याला. उजवी बाजू कोरी राहिली की सकाळी दूध न्यायला येणारा प्रत्येक जण ती पाही आणि दुपारपर्यंत कार्यालयाचा माणूस खडू शोधत येई.

पुढे शहर वाढले. नागरिकांचा सहभाग, म्हणजे तक्रारी आणि मते, मोबाईलवरून घ्यायचा असे महापालिकेत ठरले आणि अॅप निवडण्याच्या समितीवर ताईंना बोलावले गेले. तांत्रिक बाजू पाहायला त्यांनी मला सोबत नेले. समितीच्या सचिवांनी माझी पदवी विचारली तेव्हा ताई म्हणाल्या, "इनकी डिग्री मैं हूँ। आगे चलिए।" इतक्या थोडक्यात माझी बाजू दुसऱ्या कोणी कधी घेतलेली नाही.

एका कंपनीचा तरुण पडद्यावर रंगीत नकाशे दाखवत होता. ताईंनी विचारले, "बेटा, जवाब किधर दिखेगा?"

"मॅम, काम होते ही शिकायत का टिकट क्लोज हो जाएगा।"

"क्लोज कौन करेगा?"

"विभाग ही, मॅम।"

"वाह! मतलब खाना भी वही बनाए और डकार भी वही ले?"

सगळे हसले. मग ताईंनी दुसरा मुद्दा काढला. नोंदणीला मालमत्ता क्रमांक लागणार होता. सेक्टरच्या मधोमध जुने गाव आहे, तिथे मानेसरच्या कारखान्यांतले कामगार भाड्याने राहतात. त्यांनी मत कसे द्यायचे?

"किरायेदार तो आते-जाते रहते हैं, मॅडम।" सचिव म्हणाले.

"पानी तो रोज पीते हैं, साहब।"

नुसत्या मोबाईल क्रमांकावर नोंदणी होऊ शकते, हे मी तिथल्या तिथे करून दाखवले. तरीही निवड झाली ती नकाशेवाल्या अॅपचीच.

एक गैरसमज इथे दुरुस्त करतो. ताई नव्या तंत्राच्या विरोधात होत्या असे आपल्या इथल्या मराठी मंडळातही बोलले जाते. ते चूक आहे. त्यांचा विरोध ज्याला गरज आहे त्यालाच बाहेर ठेवणाऱ्या अॅपला होता.

पहिलाच कौल घेतला गेला तो वॉर्डाच्या निधीवर : जुन्या गावातल्या गल्लीत पाण्याची लाइन, की बागेत रोषणाईचे कारंजे? त्या गल्लीत कल्पना कांबळे राहत होती, मूळची लातूरची. मत देता येईना म्हणून ती ताईंकडे आली. "ताई, घरमालक म्हणतो, नंबर कशाला पाहिजे, तू मालकीण झालीस का? मोबाईल माझा, बादल्या मी भरते, आणि मत त्याचं?"

कारंजे जिंकले. आपल्या मंडळातल्या घरमालकांपैकी बहुतेकांनी कारंज्यालाच मत दिले होते. ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहू नये असे संपादकांनी सुचवले. पण ताईंचा गौरव करायचा आणि हे झाकायचे, या दोन्ही गोष्टी एका लेखात बसत नाहीत.

निकाल सांगायला ताई स्वतः त्या गल्लीत गेल्या, मी बरोबर होतो. कल्पनाने आधी त्यांना चहा दिला, मग म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. आपण हरलो कुठं? आपल्याला विचारलंच नाही." परतताना रिक्षात ताई एवढेच म्हणाल्या, "यार, ती माझी समजूत काढत होती." दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती सोडली. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमांत त्या मागच्या रांगेत बसू लागल्या. तुम्ही मागे का बसता, असे त्यांना आपल्यापैकी कोणी विचारले नाही.

यंदा अॅपची निवड पुन्हा व्हायची आहे. समितीवर या म्हणून मी ताईंना विनवले. "आता तुम्ही जा," त्या म्हणाल्या, "आणि मतं मागायच्या आधी कोण कोण गैरहजर आहे ते विचारा." मी जाणार आहे. पण त्या शेजारच्या खुर्चीवर नसतील, याची रुखरुख आहे.

ताई, पंचाहत्तरी तुम्ही ताठ कण्याने गाठलीत. पुढची वर्षेही अशीच निरोगी जावोत, गुडघे कुरकुरू नयेत, नजर शाबूत राहो. कल्पनाच्या गल्लीत अजूनही टँकरच येतो. तिथल्या नळाचे पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने ओंजळीत घ्यावे, इतके आयुष्य तुम्हाला नक्की लाभो. आणि त्यासाठी तुम्हाला फार थांबवून ठेवण्याची नामुष्की आमच्यावर न येवो.